बोलले मी, अंगावर घेतलं सुमनताईनं

आधी सुमनताईचं नाव लिहा. पिंपळगावच्या पॅकहाऊसमधी आमच्या टेबलावरची मुकादम होती ती. माझं नाव नका टाकू, आन् हे छापायचं ते माझा नवरा सुखरूप आल्यावर.

माझं गाव हिंगोलीकडलं, सातवीतच शाळा सुटली, मग लग्न. नवरा फरशी बसवायच्या कामाला परदेशात गेला, हितल्या पुढाऱ्यानंच नाशकात हार घालून पाठवलं, तवापासून मी हितं द्राक्षं निवडते, कैचीनं खराब मणी काढायचे न् घड पेटीत लावायचा. मग तिकडं लढाई लागली. तिथल्याच लोकांना ती नको, रोज रस्त्यावर येतात म्हणे, नवरा तळघरातून फोनवर सांगायचा. हितं चहाच्या टपरीवर बी तेच, आपली माणसं कशाला अडकवली. पुढारी मात्र म्हणायचे, आपण त्या देशाच्या पाठीशी. माघारी आणायची यादी त्यांच्याच हापिसात व्हायची, नवऱ्याचं नाव मी देऊन आलेली.

काय सांगू तुम्हाला, एक दिवस ते पुढारी व्हिडिओवाला घेऊन पॅकहाऊसमधीच आले. म्हणाले, बायांनो, आपली पोरं वाघ हायेत, लढाई संपेस्तोवर तिथंच पाय रोवून राहतील. माझ्या तोंडून कसं गेलं कुणास ठाऊक, मग तुमच्या लेकाला धाडा की सोबतीला.

कोण बोललं म्हणाले. आम्ही चाळीस जणी, सगळ्यांना तीच टोपी, तोच मास्क, नुसते डोळे दिसतात. मागं एक फिसकन हसली. मला वाटलं, यादीतलं नवऱ्याचं नाव आता गेलंच. तेवढ्यात सुमनताईनं मास्क खाली घेतला, म्हणली, मी बोलले साहेब, जीभच तशी हाय माझी, सासूला इचारा.

पुढाऱ्यांच्या शब्दावर मालकानं तिची मुकादमी काढली, आता क्रेट धुते. मी म्हणलं, ताई, जाऊन खरं सांगते, तर म्हणली, गप ए येडे, नवरा येऊ दे आधी, मग मिरव.

यादी लागली. नाव हाय, दुसऱ्या खेपेत. विमान कधी ते कुणी सांगत नाय, फोन वाजला की कैची टाकून पळते. लोकांचा राग बघून पुढारी आता म्हणतात, आम्हाला लढाई पयल्यापासून नकोच होती. म्हणोत बापडे. माझा माणूस दारात उभा राहिला की मी त्यांच्या हापिसात जाणार, चारचौघांत सांगणार, बोलले ती मी. ताईची जागा ताईला मिळाल्याबिगर मी गावाकडं जायची नाय.