शाळेच्या भिंतीवरचं तळं

हसू नका, पण मी एका दुपारी अख्खं तळं भरलंय. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी जळकोटकडं एका खेड्यात मास्तर होतो. दुष्काळानं निम्मं गाव कामाला बाहेर गेलेलं. शाळेच्या भिंतीवर मी गावाचा नकाशा काढला, खाली खानेसुमारीतली लोकसंख्या लिहिली आणि तळ्यासाठी मातकट रंग घेतला.

मागं किराणा दुकानवाले शिवप्पा उभे होते. म्हणाले, "गुरुजी, तळं निळं करा."

"आप्पा, त्यात थेंब न्हाई."

"गावात तरी माणसं कुठं हायत? ती लिवलीत की सगळी. मग पाण्यानंच काय घोडं मारलंय?"

मी निळा डबा उघडला, तळं काठोकाठ रंगवलं. आप्पा घरी निघाले, ते भिंतीजवळनं जाताना धोतर गुडघ्यापर्यंत उचलून.