पुस्तकातली वहिनी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर नणंद-भावजय नंबर यायची वाट बघत होत्या.

"वहिनी, तुमच्या लेखिकाबाईंनी म्हणे पुस्तकात तुम्हाला घातलंय!"

"घातलंय ना. लेकीनं वाचून दाखवलं. भांडी घासणारी ती मीच. फक्त मुकी केलीय."

"मुकी? अहो, तुमचं तोंड तर भांड्यांपेक्षा जास्त वाजतं!"

"तेच विचारलं मी. म्हणाल्या, बोलणाऱ्या बाईची लोकांना दया येत नाही गं."

"अगं बाई! तोंडावर म्हणाल्या?"

"चहा ढवळता ढवळता. आता पुस्तकाला बक्षीस मिळालंय. उद्या मलाही स्टेजवर बोलावलंय."

"मग सांगा की तिथं सगळं खरंखरं!"

"कसलं सांगतेय! नुसते हात जोड म्हणाल्या. तू बोललीस, तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल."