शंभरातले किती उरले

आमचं गाव देवरुखच्या वर, डोंगरात, तिथं मॅट्रिक झालेला मी पयलाच, त्यामुळं सगळे म्हणायचे गणपत आता मुंबईला जाणार, पण आईला मी एकटाच, म्हणून रत्नागिरीतच राह्यलो. मिरजोळ्याला तात्यांचा आमरसाचे डबे भरायचा कारखाना नवीन व्हता, तिथं हिशेबाला लागलो. काय सांगू तुम्हाला, तात्या म्हणजे देवमाणूस. बागायतदार घरातले, रागावले की आवाज पार रस्त्यापर्यंत, पण कुणाची मजुरी कधी राखून ठेवली नाय. आंबा सोलायला चाळीस बायका, त्यात माझी बायको पण.

हां, तर हिशेबाचं सांगत व्हतो. मला एक खोड. शंभर रुपयांचा माल विकला की त्यातनं आंबा, साखर, डबा नि मजुरी वजा जाता काय उरतं, ते सीझन संपला की मी एका वहीत लिहायचो. कोल्हापूरचे हिशेबतपासनीस याला ढोबळ नफा म्हणायचे, आणि त्यातनंच मंग लाइटबिल, बँकेचं व्याज, माझा पगार. पयल्या साली उरले तीस. दुसऱ्या साली सव्वीस, म्हटलं आंबा महाग व्हता, चालायचंच. मंग वीस. मंग चौदा. आणि विक्री? अवो, विक्री दर साली वाढतेय! तात्या पेढे वाटतायत, ट्रकला हार घालतायत, नि मी आपला पेढा तोंडात धरून बसलेला, गिळवत नाय. असंच चाललं तर दोन-तीन वर्षांत कारखान्याला कुलूप लागणार, एवढं माझ्यासारख्याला दिसत व्हतं.

कारण काय, तर तो पाडवा. मुंबईचा व्यापारी पाडव्याला यायचा, पूजा व्हायची, आणि त्या मुहूर्तावर डब्याचा दर ठरायचा. आंबा तवा झाडावर, बाजार कसा निघेल देवाला ठाऊक. मंग आंबा चढो, साखर चढो, रिकामा डबा चढो, तात्या म्हणायचे शब्द दिलाय. व्यापारी डब्यामागं चार आणे वाढवायचा आणि आमचा खर्च रुपयानं वाढायचा.

यंदाच्या पाडव्याला तो यायच्या आधीच वही घेऊन तात्यांकडं गेलो. म्हटलं तात्या, आज दर देऊ नका, आंबा बाजारात आला की सांगू म्हणा. त्यांनी चष्मा लावलानी, आकड्यांवरनं बोट फिरवलंनी. मला वाटलं आता ओरडतायत. ओरडले नाय ओ. हळू म्हणाले, गणपत, हे मला दुसऱ्याच साली कळलं, तुला काय वाटलं, मी नुसता पेढे वाटतो? दर नाय दिला तर हा उठून दुसऱ्या कारखान्यात जाईल, एवढा माल घेणारा दुसरा कोण हाय मला? आंब्याला कमी देऊ, तर बागवाले माझेच चुलते नि मेव्हणे. बायका कमी करू, तर आधी कुणाला, तुझ्या बायकोला? मी वही मिटून काखेत मारली. इतकी वर्षं मला वाटायचं, यांना एकदा समजलं की सगळं ठीक व्हईल, आणि यांना तर सगळं समजलेलं. तेवढ्यात बाहेर व्यापाऱ्याची गाडी वाजली, तात्या उठले, हसत पुढं गेले, नि चार आणे वाढवून दर दिलानी.

यंदा आठ उरले.

आता बायका माझ्याकडं येतात, भाऊ, कारखाना वाढतोय म्हणे, पुढल्या साली माझ्या सुनेला घ्याल काय. परवा माझ्या बायकोनंच विचारलंन, गावाकडनं बहिणीला बोलवू काय, घो वारल्यापासून तिचे हाल चाललेत. मला सांगा, काय बोलणार मी? बोलव, म्हटलं. तिनं लगेच पत्र टाकलंन, उत्तर पण आलं, येत्ये म्हणून. देव तात्यांना आयुष्य देवो, या बायकांच्या हाताला काम देवो. माझ्या हातात काय हाय?