करंगळीला प्लास्टर नाही

हाडांच्या दवाखान्यात मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण कान शेजारच्या नवराबायकोकडे होते. तिच्या पायाची मोडलेली करंगळी बाजूच्या बोटाला पट्टीने बांधली होती.

“प्लास्टर नाही?” नवऱ्याने विचारलं.

“करंगळीला घालत नाहीत म्हणे. महिनाभर आराम केला की जुळेल.”

“बरं झालं की!”

“काय बरं? प्लास्टर दिसलं असतं, तर घरच्यांनी बसू दिलं असतं. पट्टीला कोण विचारतंय?”

“मी सांगेन ना.”

“तुम्ही? ‘नुसती ठेच आहे, नाटकं करू नकोस’ कोण म्हणालं सकाळी?”

“आता एक्स-रे पाहिला मी.”

“आणि त्यात दिसलं नसतं तर?”



“स्वयंपाक आजपासून मी करतो.”

“मीठ कुठं असतं ते तरी ठाऊक आहे?”

“नाही. तू खुर्चीत बसून सांग.”