भर उन्हातली झूल

दिसतंय हो मला, ऊन आहे. डोळे आहेत मला. आणि घोडीच्या अंगावर झूल आहे हेही दिसतंय, मीच घातलीय ती — आतून एक पातळ, वरून एक जाडी, पोटाखालचे पट्टेसुद्धा मीच आवळलेत — तुम्ही आधी खूर उचला, मग उपदेश करा. नाही, नाही उकडत तिला. आत्ताच हात घालून बघितला खांद्यापाशी, कोरडीठाक आहे. घाम फुटला तर काढीन की, एवढी काही मी दुष्ट नाही. तुम्ही नालबंद, पायाखालचं बघा, पाठीवरचं आमचं आम्ही बघून घेऊ. धरलेत खिळे तोंडात? छान. मला फार बरं वाटतं तुम्ही तोंडात खिळे धरलेत की. या तबेल्यात माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारा दुसरा कुणी नाही. ही म्हातारी घोडीसुद्धा मध्येच तोंड फिरवते — उभी राहा गं, तुझंच चाललंय.

काय म्हणत होते? हां, झूल. लोक येतात ना इथे पोरांना घोड्यावर बसवायला, पहिला गार वारा सुटला रे सुटला की विचारतात, झूल कधी घालायची असते हो? आणि मी आपली ठसक्यात सांगते — अंगाला हात लावून बघा, कानामागे बघा, वारा बघा, पाऊस आहे का बघा, घोडा म्हातारा की तरणा बघा. फार शहाण्यासारखं वाटतं ऐकायला. खरं सांगू? आपल्याला थंडी वाजली की माणूस घोड्याला झूल घालतो. मी तेच करते. पहाटे माझे पाय गार पडले की मला वाटतं म्हातारीचे पडले. तिला चार पाय, म्हणजे दुप्पट गार पडले असणार. हसू नका, खिळा गिळाल.

आणि आमचा धाकटा भाऊ बरोबर उलटा. तो वरच्या खोलीत झोपतो, खिडकी सताड उघडी टाकून, अंगावर एक चादर, तीही पायाशी. त्याचं म्हणणं असं की घोड्याला देवानं केस दिलेत, दिवस लहान व्हायला लागले की ते आपोआप वाढतात, थंडीत ते फुलतात, आत ऊब धरतात — आणि ताई, तू वरून झूल टाकलीस की ते सगळे चपटे होतात, मग ना देवाची ऊब, ना तुझी. एकदा सुरू केलंस की थंडी संपेपर्यंत थांबता येत नाही. वाळलेलं गवत जास्त टाक पुढ्यात, चावत बसेल, आतून तापेल. हे सगळं तो मला दरवर्षी सांगतो. पाठ आहे मला. आणि बरोबरही आहे त्याचं, म्हणजे त्या ढोल्या तट्टूच्या बाबतीत. तो तट्टू बर्फात पुरला तरी बर्फ वितळेल. पण म्हातारीच्या बाबतीत नाही. तिला दात किती राहिलेत ते तुम्हालाही माहितेय. गवत चावून तापायला आधी गवत चावता यायला हवं. बरगड्या मोजून घ्या तुम्ही. — नाही, झुलीखाली हात घालून मोजायची गरज नाही, माझा शब्द घ्या.

तर आमचं कसं चालायचं, की गारठा पडायला लागला की संध्याकाळी मी झूल घालायची आणि सकाळी त्यानं ती काढायची. काढायची म्हणजे नुसती काढायची नाही — पट्टे असे खाडखाड सोडायचे, झूल ओढायची आणि त्या कठड्यावर भिरकावायची, सगळी धूळ माझ्या चहात. मग मी ओरडायचं. मग त्यानं ओरडायचं. मग मी म्हणायचं बाबा असते तर, आणि त्यानं म्हणायचं बाबाच म्हणायचे. आणि बाबा म्हणायचे ना, दोन्ही म्हणायचे! मला म्हणायचे, थंडी वाजायच्या आधी घालावी. त्याला म्हणायचे, वाजल्याशिवाय घालू नये. आमच्या बाबांचं घोड्यांबद्दल जे काही मत होतं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, दोघांची तोंडं बंद झाली की त्यांना बस. आणि गेले निवांत, आम्हाला भांडायला ठेवून.

पण आता तुम्हाला एक सांगते, हातातलं काम चालू ठेवा — वर्षाचे बाकीचे महिने आम्ही बहीणभाऊ काय बोलतो? घोड्यांची चंदी आली का. पाणी भरलं का. दार लावलं का. झालं, संपलं. तो बोलक्यातला नाही आणि मी एकटी भिंतीशी बोलत नाही. — बोलते? कोण म्हणतं? — बरं बोलते. पण थंडी आली की त्याचं तोंड सुटतं. झुलीवरून सुरू होतं, मग लहानपणी मी त्याची सायकल कशी मोडली तिथपर्यंत जातं, मग तो म्हणतो तू सगळ्यांना घाबरवूनच मारशील, मी म्हणते तू सगळ्यांना गारठवूनच मारशील, समोरचा पाववाला गाडी थांबवून ऐकतो, त्याची गिऱ्हाइकं खोळंबतात. त्या दिवसांत मला भूक चांगली लागते. झोपही छान लागते. भांडण झाल्याशिवाय मला थंडी सुरू झाल्यासारखीच वाटत नाही हो.

आणि यंदा? यंदा मी पातळ झूल घातली — लवकर घातली, कबूल आहे, दुपारी माणसं हाफ शर्टात फिरत होती — आणि सकाळी कान देऊन बसले. जिन्यावर त्याची पावलं वाजली. गव्हाणीपाशी गेला. म्हातारीला खरारा केला, झुलीच्या खालून खालून, कडेकडेनं, जसा काही टेबलावरचा कपडा न हलवता टेबल पुसतोय. आणि शीळ घालत गेला. शीळ! मी म्हटलं, दिसली नसेल. दुसऱ्या दिवशी जाडी घातली. अंगणात समोरासमोर आलो, मी मुद्दाम म्हटलं, झूल घातलीय मी, जाडी. तर म्हणतो, बरं. बरं! मला चपराक बसल्यासारखं झालं. सगळं आयुष्य गेलं, या माणसानं मला कधी बरं म्हटलेलं नाही. काल मी त्या ढोल्या तट्टूला घातली. तट्टूला! तट्टूलासुद्धा लाज वाटली, त्यानं दातांनी फाडून टाकली. धाकट्यानं काय केलं, सुईदोरा घेऊन पायरीवर बसला आणि शिवली. वर मला विचारतो, परत घालायची का गं ताई?

आता कळलं आज दोन का घातल्यात? भर उन्हात? त्याच्या खिडकीतून ही जागा दिसते म्हणून. तुमचं येणं आज आहे हे त्यालाही ठाऊक आहे, म्हटलं, बाहेरचा माणूस समोर असताना तरी चिडेल. तुम्हीच आल्या आल्या चिडलात. तुमच्या चिडण्याचा मला काय उपयोग?

काही नाही, ते दाढेचं दुखणं भोवलंय. सगळं तिथून सुरू झालं. दाढ दुखतेय, दाढ दुखतेय म्हणून पलीकडच्या गावी गेला, एक दाढ काढून यायचं तर महिनाभर जातच राहिला. मी म्हटलं, या माणसाच्या तोंडात आहेत तरी किती दाढा? नंतर कळलं, दातांची डॉक्टरीण बाई आहे, एकटी आहे, वय बेताचं आहे आणि हसते छान. हसणारच, दात फुकट. चला, एवढ्या उशिरा का होईना, आमचा घोडनवरा खपला. मला काही वाईट वाटलं नाही हो. का वाटावं? पंचावन्नाव्या वर्षी कुणाला तरी हा माणूस आवडला, देव आहे म्हणायचा. — नाही, त्यानं नाही सांगितलं. पाववाल्यानं सांगितलं. पाववाल्याला कुणी सांगितलं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं? — अहो, मान हलवू नका, तुमचे कान लाल झालेत. म्हणजे नालबंदाला माहीत, पाववाल्याला माहीत, बहुतेक तट्टूलाही माहीत. बहिणीला नाही.

तिच्या घरात म्हणे भिंतीतून ऊब येते. बटण दाबायचं, भिंत गरम. खिडक्या लावलेल्या, पडदे सोडलेले. आणि हा तिथे स्वेटर घालून बसतो म्हणे. उघड्या खिडकीत झोपणारा माणूस! मला म्हणतो केस चपटे होतात आणि स्वतः — जाऊ दे. त्याला ऊब हवी होती तर मला सांगायचं. मी रजई दिली असती. तीन रजया आहेत माझ्याकडे.

काय आहे, माणूस जायचा ठरला ना, की तो गोड वागायला लागतो. मी बघितलंय. भांडायला तरी माणसाला उद्याचा भरवसा लागतो. मला — खोटं कशाला बोलू — मला भीती वाटते. काम जमेल मला. घोडे मला जमतात, पोरं जमतात, पोरांच्या आयासुद्धा जमतात. पण सकाळी चहा घेऊन इथे उभी राहीन आणि वर पावलंच वाजणार नाहीत, तेव्हा काय करायचं, हे मला ठाऊक नाही. म्हणून म्हणते, तुम्ही त्याला एक सांगाल का? सांगा, तुझी बहीण चळलीय, घोडीला उकडून मारतेय, तू इथून हललास तर काही खरं नाही. तुमचं ऐकतो तो. — खोटं कसं? बघा ना, भर उन्हात दोन झुली, वेडीच दिसतेय की मी! — मान हलवू नका म्हटलं ना.

थांबा. जिना वाजला. खूर सोडू नका, आपण काही बोलतच नव्हतो. — आलास का? ये. हो, दोन घातल्यात! उद्या तिसरी घालणार आहे. कानटोपी विणणार आहे तिला, चार मोजे विणणार आहे. नालबंद म्हणतायत चांगलं केलं. — म्हटलंत ना हो? — बघ, म्हणाले. बोल आता. काय ते बोल.

घाम आलाय? कुठे घाम आलाय? बघू — अगं बाई. आलाय खरंच. मघाशी नव्हता रे, शप्पथ नव्हता, मी हात घालून बघितला होता. काढ, काढ लवकर. सोड पट्टे. बघा हो नालबंद, आता बघा कसा भिरकावतो तो, जरा बाजूला सरका, धूळ उडेल — सोड ना भराभर, इतकं हळू काय सोडतोस? आणि घडी कसली घालतोयस? अरे, घडी कसली घालतोयस तू? कुणी शिकवलं तुला घडी घालायला? टाक त्या कठड्यावर. टाक म्हणते ना.

काय? — परत बोल. — रात्री घालत जा म्हणतोस? म्हातारी झालीय, तिला यंदा गारठा सोसायचा नाही. जाडीच घालत जा. — म्हणजे माझं बरोबर होतं? तू म्हणतोयस हे? इतकी वर्षं घसा फोडून भांडलास आणि आता, सरळ असं, हातात घडी देऊन? मला नकोय. धर तुझी घडी. माझं काही बरोबर नाहीये. केस चपटे होतात, तूच सांगितलंस, आतली ऊब जाते. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही, सांग ना ते! सांग ना रे!

बरं. बरं, घालीन मी रात्री. घालणं मला येतं. सकाळी काढणार कोण?

तिचं अंग फडक्यानं नंतर पुसशील, इकडे बघ. सकाळी काढणार कोण?

दर शनिवारी येत जाशील. — अरे राजा, झूल रोज काढावी लागते.

…

तुम्ही काय बघत उभे राहिलात, नालबंद? दुसरा पाय घ्या.