आप्पांचा व्हिडिओ कुलपात

तुम्हाला सांगते, परवा अपडेट केलं आणि लॅपटॉप सुरूच होईना. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणारच नाही अशी, आणि आत आमच्या गेलेल्या आप्पांचा एकुलता एक व्हिडिओ! आमच्या हिर्डोशी गावात रेंज फक्त एसटीच्या थांब्यावर, म्हणून लॅपटॉप घेऊन तिथं बसले आणि मैत्रिणीला फोन लावला.

"रडू नकोस गं. सुरू होताना यादी येते ना, त्यातली अपडेटच्या आधीची सिस्टीम निवड."

ती निवडली. पासवर्ड टाकला.

थांब्यावर शेजारी बसलेल्या काकू वाकून म्हणाल्या, "एवढं कुलूप कशाला घातलंस? हितं कोण चोरतंय?"

तेवढ्यात लॅपटॉप सुरू झाला. लगेच व्हिडिओ लावला. आप्पा भाताच्या खाचरातून ओरडले, "पोरी, ठेव तो मोबाईल, हितं ये!"

मी दचकून उभी राहिले आणि म्हणाले, "आले, आप्पा."