धर्मा तांडेलाचा आवाज

बोलपटांसाठी आवाज टिपायचं काम मी का सोडलं, विचारता ना? ऐका.

रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर धर्मा नावाचा तांडेल आमच्या मायक्रोफोनसमोर होडीवरचं गाणं गायला. मुंबईत स्टुडिओचे मालक म्हणाले, "नुसता वारा ऐकू येतोय, फेका." त्याचा आवाज टिपलेली ती फिल्म मी फेकली.

वर्षानं पुन्हा रत्नागिरीला गेलो, तर धर्माची बायको बंदरावर भेटली.

"साहेब, धन्याला दर्यानं नेलान. पोरगी बापाचा आवाज इसरली. तुमच्याकडं हाय ना? तिला एकदा ऐकवा."

खरं सांगायची छाती झाली नाही. "मुंबईला आहे," म्हटलं.

"मग आमी येताव. पत्ता द्या."

दिला.

पंधरा दिवसांत मायलेकी बोटीनं आल्या आणि स्टुडिओच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मी खिडकीतून पाहिलं आणि दरवानाला म्हणालो, "साहेब नाहीत म्हणून सांग."